मत्स्यबीज सोडले, पण कोणत्या माशाचे?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

जून सरून नद्यांना पहिले गढूळ पाणी आले की आपल्या आणि इतरही दैनिकांत एक छायाचित्र ठरल्याप्रमाणे येते. घाटाच्या पायरीवर मान्यवर ओळीने उभे असतात, कोणाच्या तरी हातात प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यातून बोटाएवढी पिले पाण्यात सोडली जात असतात. खाली ओळ असते, की अमुक इतके हजार मत्स्यबीज सोडून नदीच्या संवर्धनास हातभार लावण्यात आला. या बातमीत पाहुण्यांची नावे असतात, बोटुकलीचा आकडा असतो, प्रायोजकही असतो. मासा कोणता होता, हे मात्र इतक्या वर्षांत मी क्वचितच छापलेले वाचले आहे. झाडे लावण्याच्या बातमीत निदान वड, पिंपळ, कडुनिंब असे शब्द तरी येतात. नदीच्या बाबतीत ‘मासे’ एवढाच शब्द पुरतो, आणि माझ्या मते गोड्या पाण्याच्या संवर्धनाकडे आपण कसे पाहतो ते या एका शब्दात उघड होते.

मी भीमेच्या खोऱ्यातील एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्राचा अध्यापक होतो आणि आता निवृत्त आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की नदीत कोणते मासे होते, आज कोणते आहेत आणि जे नाहीसे झाले ते का झाले, याची नोंद आपल्याकडे आहे. ती अभ्यासकांनी कष्टाने केली आहे. आणि नदीचे व्यवस्थापन ज्यांच्या हाती आहे ते ती उघडून पाहत नाहीत. न पाहता केलेले संवर्धन निरुपयोगी ठरते एवढेच नव्हे, ते घातकही ठरू शकते, आणि याचे एक ठसठशीत उदाहरण पुण्याच्याच नदीत सुरू होऊन कावेरीत जाऊन संपते. ते पुढे सांगतो.

आधी नोंदीविषयी. विल्यम हेन्री सायक्स हा लष्करी अधिकारी १८२४ मध्ये मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमला गेला आणि दख्खनमध्ये हिंडताना त्याने पक्षी, प्राणी, पिके यांच्याबरोबर माशांच्याही नोंदी केल्या. १८३९ मध्ये त्या लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात आल्या आणि १८४१ मध्ये चित्रांसह छापल्या गेल्या. त्याच्या कामातील मला सर्वांत लोभस वाटणारी गोष्ट अशी, की नव्या प्रजातींना नावे देताना त्याने लॅटिन शब्दांच्या जोडीने येथील भोई आणि कोळी जी नावे घेत होते तीच अनेकदा उचलली. त्यामुळे जगभरच्या संग्रहालयांतील बरण्यांवर आजही मिस्टस सींगटी असे लिहिलेले असते, आणि ती आपली शिंगटी असते; गारा मुल्या म्हणजे दगडाला चिकटून राहणारा मळ्या; हिप्सेलोबार्बस कोलस म्हणजे कोळस; आणि तोंडाच्या वर शिंगासारखा उंचवटा असलेला, इंद्रायणीत चाकणजवळ मिळालेला एक विलक्षण मासा नुक्ता या नावाने शास्त्रात कायमचा नोंदला गेला. आज ज्याला आपण खडशी किंवा महाशीर म्हणतो त्याचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री असे आहे. यातील ‘खुद्री’ मराठीच, आणि सायक्सने ज्या माशावरून त्याचे वर्णन केले तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. ज्या पात्राच्या कडेने आज नाक धरून जावे लागते ते पात्र एका राजबिंड्या माशाचे शास्त्रातील मूळ गाव आहे, हे पुण्यात किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे.

सायक्सनंतरही हा धागा तुटला नाही. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी दिली, १९४४ मध्ये सुटर यांनी तीत भर घातली आणि १९६३ मध्ये तोणपी व मुळहेरकर यांनी पुन्हा एकदा पाहणी केली. २००३ या एकाच वर्षात दोन स्थानिक अभ्यास प्रसिद्ध झाले: वाघ आणि घाटे यांनी मुळा व मुठेतील माशांची यादी केली, तर संजय खरात, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये पुणे जिल्ह्यातील माशांत दीर्घकाळात झालेले बदल जुन्या याद्यांशी ताडून मांडले. हे काम फारशा निधीशिवाय, महाविद्यालयांतील साध्या प्रयोगशाळांत, सुटीच्या दिवशी जाळे आणि बरण्या घेऊन नदीवर जाणाऱ्या माणसांनी केलेले आहे. एखादी नदी सुधारली की बिघडली हे ठरवायचे तर तुलनेसाठी आरंभीची स्थिती माहीत असावी लागते. बहुतेक नद्यांच्या बाबतीत ती माहीत नसते. मुळा-मुठेच्या बाबतीत ती जवळजवळ दोन शतकांची आहे. इतके असूनही नदीसुधारणेच्या चर्चेत ती कोणी पुढे ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता कावेरीची गोष्ट. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाशीर सर्वत्र कमी होत चालल्याचे जाणकारांच्या लक्षात आले होते. सुरुंग लावून आणि विष कालवून केलेली मासेमारी, धरणांमुळे अडलेली वाट आणि अंडी घालण्याच्या जागांचा नाश ही त्याची कारणे होती. अशा वेळी महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे प्रमुख राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी हा मासा हाती घेतला. हे तेच कुलकर्णी, ज्यांनी १९५२ मध्ये कृष्णेच्या खोऱ्यातील, इतर माशांचे खवले ओरबाडून खाणाऱ्या एका माशाला शास्त्रीय नाव म्हणून सरळ ‘खवलचोर’ हा मराठी शब्द दिला होता. (सायक्सची परंपरा इतक्या खट्याळपणे चालवणारा शास्त्रज्ञ मराठीत होऊन गेला आणि शाळेच्या पुस्तकात त्याचे नाव नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते.) लोणावळ्याला वळवण तलावाशेजारी टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात १९७० च्या सुमारास कुलकर्णी आणि पुढे एस. एन. ओगले यांनी खुद्री महाशीरच्या मादीची अंडी हाताने काढून, नराच्या शुक्रद्रवाने फलित करून पिले वाढवण्याची रीत बसवली. त्यांनी महाशीरची अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूरवर पाठवण्याची युक्तीही शोधली, कारण कापसात अंडी ओली राहत आणि पाण्याचे वजन मात्र वाहावे लागत नसे. हे काम आजही चालू आहे आणि तेथून लाखो पिले देशभरातील जलाशयांत गेली आहेत. त्या माणसांच्या निष्ठेविषयी आणि कौशल्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

पण त्या काळी एक प्रश्न कोणाला सुचला नाही, आणि तो न सुचण्यात त्यांचा दोषही नव्हता: ज्या नदीत हा मासा सोडायचा तिचा स्वतःचा महाशीर कोणता? कावेरीत पाठीवर उंच वशिंड असलेला, पन्नास किलोच्याही वर वाढणारा एक महाशीर होता. मासे पकडून पुन्हा सोडणाऱ्या हौशी गळकऱ्यांत त्याची कीर्ती जगभर होती. इतका प्रसिद्ध असूनही त्याला शास्त्रीय नाव धड नव्हते. सर्वांनी त्याला महाशीरांपैकीच एक समजून सोडून दिले होते. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याची खुद्रीची पिले कावेरीत सोडली जाऊ लागली. पुढे एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कावेरीवरील गळकऱ्यांच्या छावण्यांतील १९९८ ते २०१२ या वर्षांच्या पकडीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चित्र असे दिसले, की निळसर परांचा, बाहेरून आलेला खुद्री वाढत गेला आणि वशिंडाचा मूळ महाशीर आटत गेला. हा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर २०१८ मध्ये हा वशिंडाचा महाशीर आणि त्याआधी केरळातील पांबार या कावेरीच्या उपनदीतून वर्णन केलेला टॉर रेमादेवी हे एकच असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात गेला. म्हणजे नाव आणि मरणाची सूचना त्याला जवळजवळ एकाच वेळी मिळाली. धरणे, वाळूउपसा आणि चोरटी मासेमारी यांचाही त्याच्या ऱ्हासात वाटा आहेच. पण एका नदीतला मासा वाचवण्याच्या उत्साहात आपण दुसऱ्या नदीतल्या माशाला प्रतिस्पर्धी नेऊन दिला, हे नाकारता येत नाही.

या गोष्टीचे आणखी एक टोक आहे. २०११ मध्ये संकटग्रस्त ठरलेला खुद्री महाशीर २०२० च्या सुमारास लाल यादीत ‘चिंता नाही’ अशा वर्गात आला आणि त्या वेळी वर्तमानपत्रांत अभिनंदनाच्या बातम्या आल्या. प्रजाती म्हणून तो बचावला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण ज्या मुळा-मुठेत तो सायक्सला मिळाला तेथे, पुणे शहराच्या हद्दीत, तो पुन्हा दिसेल अशी अपेक्षासुद्धा आज कोणी धरीत नाही. जो मासा आपल्या घरी राहू शकत नाही आणि परक्याच्या घरी जड झाला आहे, त्याला वाचवले म्हणताना जरा थांबून विचार करायला हवा.

कावेरीचे उदाहरण दूरचे वाटत असेल तर आपल्या भीमेकडे पाहावे. रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या बाजारातले सर्वांत ओळखीचे मासे मुळात गंगेच्या खोऱ्यातले आहेत आणि दख्खनच्या नद्यांत ते माणसाने आणून सोडले. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीच्या जलाशयात आज जी चिलापी भरभरून मिळते आणि भिगवणच्या खानावळींत जिच्यासाठी लांबून लोक येतात, ती आफ्रिकेची तिलापिया आहे. १९५२ मध्ये ती प्रथम भारतात आली. त्याच उजनीत काही वर्षांपासून जाळी फाडणारा, काटेरी पाठीचा सकर मासा सापडू लागला आहे. दक्षिण अमेरिकेतला हा मासा घरातल्या काचपेटीत मावेनासा झाला की लोक भूतदयेने नदीत सोडतात, आणि भोयांच्या जाळ्यात मग खाण्याचा मासा कमी आणि हा नको असलेला पाहुणाच अधिक येतो. आफ्रिकी मांगूर पाळण्यावर बंदी आहे आणि २०१९ मध्ये हरित लवादाने त्याचे साठे नष्ट करण्यास सांगितले, तरी त्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. डासांसाठी सोडले जाणारे गप्पी आणि गंबुशिया अनुक्रमे दक्षिण आणि उत्तर अमेरिकेतले आहेत, आणि ते अळ्यांप्रमाणेच इतर माशांची अंडी आणि पिलेही खातात. आपल्या ओढ्यांत पृष्ठभागाशी पोहणारा, डोक्यावर चकाकता ठिपका असलेला छोटा देशी मासा हेच अळ्या खाण्याचे काम पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. पण तो पिशवीत भरून फुकट वाटला जात नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. तलावांत आणि धरणांच्या जलाशयांत मत्स्यबीज सोडल्यावरच हजारो भोई कुटुंबांची चूल पेटते, त्याचे काय? माझा रोख त्यावर नाही. जलाशय ही माणसाने बांधलेली वस्तू आहे. तेथे मत्स्यशेती करणे हा उपजीविकेचा व्यवसाय आहे, त्याचा हिशेब सहकारी संस्था ठेवतात आणि त्यालाही जागेचे, जातीचे नियम हवेतच. माझा आक्षेप आहे तो वाहत्या नदीत, यात्रेच्या घाटावर, वाढदिवसाच्या निमित्ताने केलेल्या बीजसोडणीला ‘संवर्धन’ म्हणण्यावर. व्यवसायाला व्यवसाय म्हणावे. शिवाय ज्या पाण्यात असलेले मासे मरत आहेत त्यात नवे सोडून काय साधणार, हा साधा प्रश्न त्या पायरीवर उभे असलेल्या कोणालाही पडू नये, याचे मला नवल वाटते.

मासे का मरतात, याकडे येतो. कारण व्यवस्थापनाची खरी उणीव येथे आहे. नदीचे पाणी चांगले की वाईट हे आपल्याकडे मुख्यतः जैवरासायनिक प्राणवायू-मागणीवरून ठरते. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात याचे ते माप आहे. आपल्या देशात नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवून ते काढतात. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेले की तो नदीचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत प्रदूषित ठरतो. २०२२ च्या यादीत देशभरातील ३११ पट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातले होते, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. त्याआधीच्या, २०१८ च्या यादीत ते ३५१ पैकी ५३ होते. देशातील आकडा घटला आणि आपला वाढला, याची चर्चा विधिमंडळात व्हायला हवी होती तेवढी झाल्याचे दिसले नाही. असो.

हे माप उपयोगी आहे, पण ते एका क्षणाचे आहे. सांडपाण्यातून आलेल्या नत्र आणि स्फुरदामुळे पाणी हिरवे झाले की शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते. म्हणून सकाळी अकरा वाजता घेतलेल्या नमुन्यात पाण्यातला विरघळलेला प्राणवायू झकास दिसू शकतो. रात्री मात्र तेच शेवाळ आणि तळाचा गाळ प्राणवायू ओढून घेतात आणि पहाटे, सूर्य उगवण्याआधीच्या तासा-दोन तासांत तो तळाला जातो. मासे मरतात ते त्या वेळी. एकदा मी विद्यार्थ्यांना घेऊन एका बंधाऱ्यावर रात्रभर बसलो होतो. विंकलरच्या पद्धतीत नमुन्यात दोन द्रावणे घातली की प्राणवायू असल्यास बाटलीत तपकिरी साका बसतो आणि नसल्यास तो पांढराच राहतो. दुपारच्या बाटल्यांत साका गडद तपकिरी होता. पहाटे चारच्या बाटलीत तो जवळजवळ दुधासारखा बसला, आणि उजाडल्यावर काठाशी पांढऱ्या पोटांचे मासे तरंगताना दिसले. त्या दिवशी कोणी कार्यालयीन वेळेत नमुना नेला असता तर कागदावर नदी ठीकच दिसली असती. संबंधित कार्यालयाला मी हे लिहून कळवले होते. ‘आपले पत्र मिळाले’ एवढे उत्तर आले.

मासा हा या बाबतीत कागदापेक्षा खरे बोलतो, कारण तो पाण्यात चोवीस तास राहतो. एखाद्या ठिकाणी फक्त चिलापी आणि गप्पी सापडत असतील तर पहाटेचे पाणी कसे असते ते यंत्राशिवाय कळते. हे मासे अल्प प्राणवायूवरही तग धरतात. उलट मळ्यासारखा, धावत्या पाण्यातल्या स्वच्छ दगडावर खरवडून खाणारा मासा दिसला, तर तेथे खळाळ शिल्लक आहे, दगडावर गाळ साचलेला नाही आणि प्राणवायू रात्रीही टिकतो, हे त्याच्या असण्यावरूनच सिद्ध होते. जगभरच्या गोड्या पाण्यातील प्राण्यांचा जो मोठा आढावा २०२५ च्या आरंभी ‘नेचर’मध्ये आला, त्यात तपासलेल्या २३ हजारांहून अधिक प्रजातींपैकी २४ टक्के नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले आणि प्रदूषण, धरणे व पाण्याचा उपसा, शेती आणि परकीय प्रजाती ही कारणे तेथेही पुढे आली. त्याच आढाव्यात अभ्यासकांनी बजावले आहे, की पाण्याची टंचाई किंवा त्यातील नत्र मोजून हे धोक्यातले प्राणी कोठे आहेत ते कळत नाही. त्यासाठी प्राण्यांचीच माहिती लागते.

पुण्यात सध्या दोन मोठी कामे चालू आहेत. जपानी कर्जाच्या साहाय्याने अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभी राहत आहेत. ती हवीतच, आणि उशिराच होत आहेत. दुसरे काम सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठाच्या विकासाचे. या दुसऱ्या कामाविषयी पूर, वृक्षतोड आणि खर्च यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते मी येथे पुन्हा सांगत नाही. माझा मुद्दा पात्राच्या तळाचा आहे. नदी म्हणजे सलग सारख्या खोलीचे पाणी नव्हे. डोह, उथळ खळाळ, गोट्यांचा पट्टा, वाळूचा बांध, काठाचे गवत अशी तिची घरे असतात आणि एकेका माशाचे अंडी घालण्याचे, पिले वाढवण्याचे, उन्हाळा काढण्याचे ठिकाण वेगळे असते. काठ दगडी आणि पाणी बांधून स्थिर केले की दिसायला ते तलावासारखे छान दिसते, आणि त्यात राहायला तलावातलेच मासे उरतात. धरणांचेही तेच. खडकवासला साखळीतले पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी घेतले जाते, मुळशीचे पाणी वीज करून कोकणात उतरवले जाते, आणि पावसाळा सोडला तर शहरातून जे वाहते ते बहुतांशी शहराचेच सांडपाणी असते. नदीला किमान प्रवाह किती सोडावा हे ठरवायचे तर तो कोणासाठी, याचे उत्तर लागते. आणि ते उत्तर माशांच्या यादीतच आहे. नदीकाठच्या उद्योगांवर बंधने घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण आपल्या राज्याने २०१५ मध्ये गुंडाळले, हे जाता जाता नमूद करतो.

हे सारे ज्ञान आपल्याला बाहेरून आणावे लागणार आहे असेही नाही. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराच्या डोहात मासे देवाचे म्हणून कोणी पकडत नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहातही तीच रीत आहे. फरक इतकाच, की तेथे मासे पकडायची कोणाची हिंमत होत नाही आणि पाणी बिघडवायची मात्र होते, म्हणून देवाचे मासे मेल्याच्या बातम्या तेथूनच येतात. या डोहांत कोणी पिले आणून सोडली नव्हती. डोह राखला, मासे आपोआप राहिले.

मग करावे काय? जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत आणि महानगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे बंधनकारक आहे. हरित लवादाने मुदत आणि दंड ठरवून दिल्यावर या नोंदवह्या घाईघाईने पूर्ण झाल्या. मी ज्या दोन-तीन पाहिल्या त्यांत वृक्षांची पाने भरपूर होती आणि माशांच्या पानावर रोहू, कटला, मृगळ लिहून विषय मिटवला होता. म्हणजे नदीच्या मूळ रहिवाशांच्या नोंदवहीत पाहुण्यांचीच नावे! नदीकाठच्या समित्यांनी हे पान नव्याने लिहावे, एवढी साधी सुरुवात होऊ शकते. ठरलेल्या चार-पाच जागी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या भोयांनी पाग टाकावी, जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मासे ओळखून, मोजून, लांबी घेऊन पुन्हा पाण्यात सोडावेत, पहाटेचा प्राणवायू त्याच दिवशी मोजावा आणि ही यादी सायक्स, फ्रेझर आणि २००३ च्या याद्यांशेजारी ठेवून मराठीत प्रसिद्ध करावी. यादीत शास्त्रीय नावाबरोबर गावातले नावही असावे, कारण एकाच माशाला घोडनदीच्या काठी एक नाव असते आणि नीरेच्या काठी दुसरे, आणि ही नावे जाणणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. भोयांना या कामाची रोजी मिळावी. ते नुसते ‘सहभागी’ म्हणून छायाचित्रापुरते नकोत. एका घाटाच्या सुशोभीकरणावर जो खर्च होतो त्याच्या कितीतरी कमी पैशांत हे काम साऱ्या खोऱ्यात वर्षानुवर्षे चालेल.

२०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा घोषित केले. समुद्राचा मान झाला, चांगले झाले. गोड्या पाण्यासाठी मी कोणत्याही घोषणेची मागणी करीत नाही. मागणी एवढीच आहे, की महानगरपालिकेने आणि मत्स्यव्यवसाय खात्याने वाहत्या नदीत बीज सोडण्यास सरसकट मनाई करावी, आणि अपवाद करायचाच असेल तर प्रजाती, ती त्याच खोऱ्यातली असल्याचा पुरावा, बीज कोणत्या केंद्रातून आले, किती सोडले आणि वर्षानंतर पाहणी कोण करणार, हे आधी लेखी जाहीर करावे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. पुढच्या पावसाळ्यात तसे छायाचित्र आपल्या कार्यालयात येईल तेव्हा आपल्या वार्ताहराने आयोजकांना फोन करून माशाचे नाव विचारावे, आणि ते मिळाले नाही तर ‘नाव सांगण्यात आले नाही’ असे बातमीत छापावे. माझ्याकडे भीमा आणि घोडनदीकाठच्या भोयांकडून ऐकून लिहून घेतलेल्या मासोळ्यांच्या नावांच्या, त्यांच्या हंगामाच्या आणि सापडण्याच्या जागांच्या सात वह्या आहेत. कोणत्याही समितीला किंवा महाविद्यालयाला त्या हव्या असतील तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे; मी त्यांच्या छायाप्रती स्वखर्चाने पाठवीन. अक्षर बरे आहे, दोन वह्यांना तेवढे पाणी लागले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापक
जि. पुणे